क्लिक बंद कर रे पुता

तर एकदाचं आमचं सिंगल बाहेर पडलं. तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांचं गाणं आणि त्याला लागलं वर्ष, वर एक महिना. मधे बँड दोनदा फुटता फुटता राहिला, एकदा पैशावरून आणि एकदा ड्रमरवरून, तेही सांगतो.

गाणं ट्रकवर आहे. गोव्यातल्या डिचोलीच्या पोराने ट्रकवर नाही लिहायचं तर कशावर, समुद्रावर? आमच्याकडे समुद्र नाहीच. मी शाळेत असताना घरासमोरून एकामागे एक खाणीचे टिप्पर, म्हणजे खनिजाचे ट्रक, जायचे, पेरूची पानं लाल, वाळत घातलेले कपडे लाल, जेवताना दाताखाली कचकच, आणि सगळे त्या धुळीला शिव्या घालायचे. मग २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, नंतर थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या. बाबांचे दोन टिप्पर होते. एक भंगारात गेला, दुसरा अजून घरामागे उभा आहे, त्याच्या केबिनमध्ये मांजर दरवर्षी पिल्लं घालतं. त्याच्यावर गाणं.

मराठीत का, कोंकणीत का नाही, हे आतापर्यंत निदान वीस जणांनी विचारलं. घरी आम्ही कोंकणीच बोलतो हो. पण भजन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, सकाळचा पेपर मराठी, त्यामुळे लिहायला बसलो की मराठीच येतं, त्यात ठरवून असं काही नाही. पुढे.

रिफ, म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणारी सुरावट, तयार होती, ड्रमरने त्यावर सरळ चार ठोक्यांचा फोर-फोर लावला, ११२ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ११२ ठोके. सगळं ठीक आणि सगळं बेचव. ऐकलं की वाटायचं हे आपण कुठेतरी ऐकलंय, आणि ऐकलेलं असायचंच. मग बेसवाला म्हणाला, माझ्या मामाला बोलवू या का, घुमट वाजवायला. घुमट म्हणजे आमच्याकडचं आरतीतलं मातीचं वाद्य. मामा म्हणजे पासष्टीचे, लहानपणापासून चवथीला (गणेश चतुर्थीला) वाड्यावरच्या आरतीत घुमट वाजवतात, रॉक म्हणजे काय हे त्यांना आम्ही समजावून सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

रेकॉर्डिंग मये गावात, ड्रमरच्या मावशीच्या बंद घरात. चिऱ्याच्या जाड भिंती, त्यावर गोधड्या लटकवलेल्या, जुलै महिना. मामांनी आल्या आल्या घुमटावर एक थाप मारली आणि तोंड वाकडं केलं. ओल्या फडक्यासारखा आवाज. पावसात कातडं सैल पडतं ना. मग गॅसची शेगडी बारीक करून तिच्यापासून हातभर लांब घुमट धरून ते गोल गोल फिरवत बसले, पापड भाजतात तसं, मधेच थाप मारून बघायचे, परत फिरवायचे. वीस मिनिटं. तेवढ्यात सांगत होते की त्यांच्या वडलांच्या घुमटाला घोरपडीचं कातडं होतं आणि त्याचा नाद पलीकडच्या वाड्यावर जायचा. घोरपड आता कायद्याने संरक्षित, त्यामुळे बकऱ्याचं कातडं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, त्याच्या बऱ्याच आधीपासून मामा बकऱ्यावर आलेले.

माइक लावतानाही गंमत. घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन तोंडं, मोठ्या तोंडावर कातडं आणि धाकटं तोंड उघडं, ते डाव्या तळव्याने झाकत-उघडत राहायचं, त्यानेच तो 'घुंम' वर-खाली होतो. मी एक माइक कातड्यावर ठेवला आणि दुसरा बरोबर धाकट्या तोंडासमोर, फार हुशारी केल्यासारखा. मामांनी तळवा उचलला की आतली हवा थेट माइकवर, फट् फट्, मीटर लाल. माइक वीतभर बाजूला सरकवून तिरका केला तेव्हा कुठे आवाज आला, आणि आला तो असा की बेसवाल्याने बेस खाली ठेवला.

आणि मग क्लिक, म्हणजे लय धरायला कॉम्प्युटर देतो ती टिकटिक. मामांना हेडफोन घातला, कानात टिक टिक टिक टिक. त्यांनी सुरुवात केली, दहा-बारा बार मस्त गेले, मग ते पुढे आणि क्लिक मागे. परत. परत पुढे. आठव्या टेकला त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "क्लिक बंद कर रे पुता. आरतीक घड्याळ लागना."

आम्ही तेव्हा ऐकलं नाही. वाटलं, कॉम्प्युटर आहे की. महिनाभर मी त्या टेकमधला एकेक ठोका ओढून ओढून ग्रिडवर, म्हणजे क्लिकच्या बरोबर रेघेवर, बसवला, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, आणि सगळे बसल्यावर प्ले केलं तर घुमट मेलेलं. म्हणजे आवाज तोच, ठोके जागच्या जागी, आणि मोबाइलच्या रिंगटोनसारखं. आरतीत लय चढतेच ना, हळू सुरू होते आणि शामेळ-कासाळ्यांबरोबर (साथीचा ढोल आणि झांजा) शेवटी धावत सुटते, ती मामांच्या हातात आहे, ती काढून टाकली तर उरलं काय!

डिसेंबरमध्ये परत मामांच्या पाया पडलो. या वेळी क्लिक नाही, हेडफोन नाही, एका खोलीत मामा आणि मी समोरासमोर, माझा अँप्लिफायर न्हाणीघरात दार लावून. तिसरा टेक, तोच गाण्यात आहे. गाणं १०८ ला सुरू होतं आणि १२४ ला संपतं. ड्रमरचे आधीचे सगळे ट्रॅक फुकट गेले, आता त्याने मामांच्या मागे वाजवायचं. चार दिवस त्याने फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी आला, काही न बोलता बसला आणि खरं सांगतो, इतकं चांगलं त्याने कधीच वाजवलं नव्हतं (हे वाचून चढू नकोस).

स्नेअरखाली जो 'धाड्' आहे तो बाबांच्या टिप्परचा फाळका. गंजलेला, दोघांनी उचलून सोडला, फोनवर रेकॉर्ड केला.

मिक्स पर्वरीत, मास्टरिंग पुण्याच्या एका मित्राने, ड्रमर "अजून लाउड" म्हणत राहिला आणि मित्र सांगत राहिला की स्पॉटिफाय शेवटी सगळ्यांना उणे चौदा लफ्सच्या (हे आवाज किती मोठा त्याचं माप) आसपास आणून ठेवतं, उगाच चेपून काय मिळणार. पैसे किती गेले ते लिहीत नाही, आई हे वाचते. ऐंशीच्या दशकात आमच्या गोव्याच्या गायकाने, रेमो फर्नांडिसने, शिवोलीला घरी बसून चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर अख्खा अल्बम केला आणि स्कूटरवरून दुकानात पोचवला, आम्ही लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडून एका गाण्याला वर्ष लावलं.

कव्हर म्हणजे टिप्परच्या मागच्या बाजूचा फोटो. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणं अ‍ॅप्सवर चढवणाऱ्या कंपनीकडून, रिजेक्ट. का तर कव्हरवर फोन नंबर चालत नाही. फाळक्यावर बाबांचा नंबर रंगवलेला, आमच्या कोणाच्या लक्षातच नाही! मग परत गेलो, नंबरावर लाल माती थापली, परत फोटो. आधीच्यापेक्षा चांगला आला.

सुरुवातीला ४१ सेकंद नुसतं घुमट आहे. दोन-तीन जाणकारांनी सांगितलं, कापा, कारण तीस सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम मोजला जातो, तेवढ्यात लोक पळाले तर? आणि स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचा एक पैसा मिळत नाही. आम्ही मत घेतलं. तीन विरुद्ध एक, ठेवलं.

शुक्रवारी रात्री बारा वाजता चौघं फोन घेऊन बसलो. अ‍ॅपमधल्या आमच्या बँडच्या पेजवर गाणं नाही. साडेबाराला सापडलं, आमच्याच नावाच्या ब्राझीलच्या एका मेटल बँडच्या पेजवर. घुमट, आणि त्याच्या खाली कवट्यांची कव्हरं. सपोर्टला मेल, उत्तर सहा दिवसांनी, पहिला आठवडा गेला पाण्यात. ब्राझीलमधल्या कोणीतरी मात्र गाणं सेव्ह केलं, तो टिकून आहे.

मामांना लिंक पाठवली तर ती त्यांच्या फोनवर उघडेना, म्हणून मी एमपीथ्री व्हॉट्सअ‍ॅप केली. ती त्यांनी आरतीच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती सांखळी, वाळपई, पेडणे कुठे कुठे गेली देव जाणे, चवथीला आमच्या मावशीच्या गावात दोन आरत्यांच्या मधे लाउडस्पीकरवर लागली म्हणे, ट्रकवाल्यांच्या एका ग्रुपवरून फिरून परत बाबांच्या फोनवर आली. अ‍ॅपवर आज ६१२ स्ट्रीम.

काल मामांचा व्हॉइस मेसेज. "बरें जालां. पूण घुमट उणें आयकूंक येता रे पुता, मातशें वाडय." म्हणजे घुमट कमी ऐकू येतं, जरा वाढव. ड्रमरने तो दोनदा ऐकला आणि फोन माझ्या हातात परत दिला.