पंच आधी फुटू नये

सोमवार, रात्र

विनोदी व्हिडिओ लिहिताना पंच, म्हणजे हसू फोडणारी शेवटची ओळ, आधी लिहावी आणि मग मागे मागे यावं, हे मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. साधं उदाहरण घेऊ. एकजण फोनवर सांगतोय, ‘अरे, रस्त्यातच आहे, पाच मिनिटांत पोचतो.’ पुढच्या शॉटमध्ये तो अंथरुणात, गळ्यापर्यंत पांघरूण. सगळा विनोद त्या पांघरुणात आहे. म्हणजे ते दिसेपर्यंत बाकी सगळ्यांचं काम एकच, पांघरूण लपवणं. पहिली फ्रेम चेहऱ्याची, अगदी जवळून. उशीचा कोपराही दिसता कामा नये. बोलण्यात घाई, मागे रहदारीचा आवाज. आणि फ्रेम मोठी झाल्यावर त्याच्या दुसऱ्या हातात तोच रहदारीचा आवाज वाजवणारा मोबाइल दिसला, तर एका पंचावर दुसरा चढतो. याला टॅग म्हणतात. चांगला टॅग सापडेपर्यंत शूटिंगला उभं राहू नये.

बोलण्याचा वेग सेकंदाला दोन-अडीच शब्द धरला तर ३० सेकंदांत ६०-७५ शब्दच मावतात. त्यातही गप्प राहायला जागा हवी. म्हणून ५० शब्दांवर थांबलेलं बरं.

पेपर फुटावा तसा पंच फुटतो, आणि तो बहुतेकदा आपल्याच हातून. व्हिडिओच्या मुखचित्रावर पांघरूण दिसतं. शीर्षकात ‘झोपेतून उठलाच नाही’ असं लिहिलेलं असतं. सगळ्यात चोरटी फट सबटायटल्सची. आपोआप तयार झालेली सबटायटल्स अख्खं वाक्य एकदम दाखवतात, आणि डोळे कानांपेक्षा आधी पोचतात. वाक्य कानांनी संपायच्या आत वाचून झालेलं असतं, हसू येतं ते अर्धवट. उपाय कंटाळवाणा पण रामबाण आहे: पंचाचा शब्द वेगळा तोडायचा आणि तो ज्या फ्रेमला उच्चारला जातो त्याच फ्रेमला पडद्यावर आणायचा.

मंगळवार

आजचा विषय एकट्याने दोन पात्रं करण्याचा. यात अभिनयाइतकीच नजर महत्त्वाची. एक पात्र कॅमेऱ्याच्या उजवीकडे बघत असेल तर दुसऱ्याने डावीकडे बघायलाच हवं. दोघंही एकाच बाजूला बघू लागले की ते एकमेकांशी न बोलता तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटतं. समोरच्या पात्राचे डोळे जिथे असतील तिथे भिंतीवर चिकटपट्टीचा तुकडा लावावा, पायांच्या जागेलाही एक. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. एका पात्राचे सगळे संवाद सलग उरकावेत, पण समोरच्याचे संवाद आधी रेकॉर्ड करून कानात वाजवावेत. नाहीतर दोघांची लय जुळत नाही आणि ती एडिटमध्ये आणता येत नाही.

मोबाइलवर एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करणं राहून गेलं तर प्रत्येक कटला भिंतीचा रंग बदलतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. हे चुकलं की काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. कॉलर माइक तोंडापासून वीतभर खाली, कपड्याला घासणार नाही असा. उठायच्या आधी खोलीतली ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून ठेवावी. दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेत ती भरली नाही तर आवाज तुटल्यासारखा येतो.

आणखी एक खोड. मोबाइलचं रेकॉर्डिंग बरेचदा बदलत्या फ्रेमरेटचं असतं, म्हणजे सेकंदाला किती चित्रं हे मध्येच बदलतं. काही सॉफ्टवेअरमध्ये त्यामुळे ओठ आणि आवाज हळूहळू फाकत जातात. एडिटिंगला घेण्याआधी ते स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्यावं.

बुधवार, उशिरा

रंगमंचावर नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. मोबाइलवर हशा ऐकूच येत नाही, म्हणून ती थांबण्याची जागा एडिटमध्ये कोरून ठेवावी लागते. पंचानंतर समोरच्याचा नुसता चेहरा, साधारण अर्धा सेकंद. कमी ठेवलं तर पुढचं वाक्य हसण्याखाली बुडतं, जास्त ठेवलं तर हसा म्हणून विनवल्यासारखं वाटतं. पार्श्वसंगीत पंचाच्या किंचित आधी बंद केलं की कान आपोआप टवकारतात. मला हे अर्धा सेकंदाचं काम या सगळ्या व्यवसायातलं सर्वांत सुंदर काम वाटतं.

रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कुठल्या क्षणाला किती प्रेक्षक टिकून आहेत ते दाखवणारी रेघ, पाहताना हेच शोधावं. पंचाच्या ठिकाणी रेघ वर उचलली गेली तर लोक मागे जाऊन पुन्हा पाहताहेत. पंचाच्या आधीच उतरली तर सेटअप, म्हणजे पंचाआधीची तयारी, लांबलाय.

शुक्रवार

‘मीम’ हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली घडवला, नकलेतून पसरणाऱ्या सांस्कृतिक घटकासाठी. नक्कल हाच त्याचा प्राण आहे. टेम्प्लेटमधलं, म्हणजे सगळे पुन्हा पुन्हा वापरतात त्या तयार साच्यातलं, अर्धं वाक्य लोकांना आधीच पाठ असतं, आपण फक्त उरलेलं अर्धं द्यायचं. चित्रात जे दिसतंच आहे ते मजकुरात पुन्हा लिहिलं की मीम मेलं. मूळ फाइल पीएनजीमध्ये जपावी, कारण जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह केल्यावर अक्षरांभोवती धुरकट ठिपके येतात. आणि कुणा अनोळखी सामान्य माणसाचा फोटो टेम्प्लेट म्हणून वापरू नये, कितीही हसू येत असलं तरी. त्याने होकार दिलेला नसतो, आणि चित्र एकदा सुटलं की परत बोलावता येत नाही.

मीम गर्दी आणतं, पण ती थांबते पात्रासाठी. तो ‘रस्त्यातच आहे’वाला माणूस पुढच्या आठवड्यात लग्नाला, नंतर मुलाखतीला उशिरा पोचला, तर लोक त्याची वाट बघू लागतात.

रविवार

व्हाइन हे अ‍ॅप २०१३च्या जानेवारीत सहा सेकंदांच्या व्हिडिओंसाठी सुरू झालं आणि २०१७च्या जानेवारीत बंद पडलं. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटणाऱ्याने मूळ फायली आणि प्रेक्षकांचे ईमेल पत्ते स्वतःकडे ठेवावेत.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सदस्य लागतात, आणि त्याबरोबर १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे तिथल्या छोट्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमधला वेळ त्या तासांत धरत नाहीत. जुना व्हिडिओ खासगी केला की त्याचे तासही वजा होतात, हे नव्यांना उशिरा कळतं. लांब व्हिडिओच्या जाहिरातींतले ५५ टक्के निर्मात्याचे. शॉर्ट्सचे पैसे आधी एकत्र जमा होतात, संगीताचा खर्च वळता होतो, व्ह्यूजप्रमाणे वाटणी होते आणि त्या वाट्यातले ४५ टक्के हाती येतात. म्हणून छोट्या व्हिडिओवाल्यांचं घर बहुधा ब्रँड डीलवर, म्हणजे कंपन्यांसाठी पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओंवर, चालतं.

करारात दुरुस्त्या किती वेळा, व्हिडिओ ब्रँडला स्वतःच्या जाहिरातीत किती महिने वापरता येईल, प्रतिस्पर्ध्यांसाठी काम न करण्याची मुदत किती आणि पैसे किती दिवसांत, हे चारही आकड्यांत लिहून घ्यावं. ट्रेंडिंग गाणं ब्रँडने पैसे दिलेल्या व्हिडिओत सरसकट चालत नाही, त्याचा परवाना वेगळा लागतो. जाहिरात आहे हे प्रेक्षकाला स्पष्ट सांगावं.

ब्रँडची ठरलेली मागणी असते: पहिल्या तीन सेकंदांत वस्तू दिसू दे. तिथेच पंच फुटतो. नाही म्हणण्याऐवजी दुसरी स्क्रिप्ट पुढे करावी. स्पीकर विकायचाय ना? मग पहिल्या तीन सेकंदांत त्याचा नुसता आवाज ऐकू दे, रहदारीचा, खराखुरा वाटणारा. चेहरा जवळून, ‘रस्त्यातच आहे’. कट. पांघरूण, आणि उशीजवळ तो स्पीकर.