जोडीसाठी दिलेला नर घरी परत घेताना

साप उसना द्यायचा तर बहुधा नरच जातो. मादी दिली की अंडीही तिकडेच. माझा ८२० ग्रॅमचा बॉल पायथन बडोद्यातल्या दांडिया बाजारातून अलकापुरीला गेला तो ऐन उत्तरायणाच्या थंडीत, कापडी पिशवीत, थर्मोकोलच्या खोक्यात.

आधी कागद. हा आफ्रिकी साप साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर त्याची नोंद लागते. हस्तांतर, पिल्लं, मृत्यू हेही कळवावं लागतं. (देशी सापांचं नावच नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामण पाळणंही गुन्हा.) आपसातला करार वेगळा: वजन, फोटो, पिल्लांची वाटणी, साप मेला तर काय. दहा टक्के वजन घटलं की नर परत, हे कलम मी आग्रहाने घातलं. हंगामात नर आठवडेच्या आठवडे खात नाहीत आणि मादीच्या नादात तिचा मालक वजनकाटा विसरतो. नेमकं तेच झालं. परत आला तेव्हा ७१५ ग्रॅम.

पाण्याच्या भांड्यात काळे कण दिसले. माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे! हनुवटीच्या खाचेत आणि डोळ्यांच्या कडेला ते दडतात, पण अंडी सापावर नाही, टबच्या फटीत घालतात. त्यामुळे सापाला एकदा औषध लावून भागत नाही. लाकडी आडोसे फेकले, खाली नुसता पांढरा टिश्यू, टब दर दोन दिवसांनी कडकडीत पाण्याने धुतला, औषध डॉक्टरने दिलं तेवढंच. अंड्यापासून पुढची पिढी उबेत दोन-तीन आठवड्यांत तयार होते, म्हणून शेवटचा माइट दिसल्यावरही महिनाभर हे सोडलं नाही.

माइट निदान दिसतात तरी. निडोव्हायरस, म्हणजे श्वसनाच्या आजाराचा विषाणू, असलेला साप धडधाकट दिसू शकतो. तोंडात फेस, घरघर, मान वर ताणून श्वास ही लक्षणं उशिरा येतात. म्हणून तोंडाच्या स्वॅबची पीसीआर (विषाणू शोधणारी चाचणी), आणि ९० दिवस वेगळी खोली, वेगळा चिमटा, त्याचं काम सगळ्यात शेवटी. घरात कॉर्न स्नेक जातीचे साप असतील तर क्रिप्टोचीही (क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या परजीवीची) धास्ती: खाल्लेलं ओकणं, मधोमध सूज. क्लोरीनच्या पाण्याने तो मरत नाही.

आता करारात आणखी एक अट आहे: त्या हंगामात मादीला दुसरा नर लावायचा नाही. एकाच खेपेत दोन बापांची पिल्लं निघू शकतात, मग वाटणी कशाच्या आधारावर करणार?