झोंबाला रुळतेय हळूहळू

बऱ्याच जणांनी विचारलं की मलावीत करतेस काय नक्की, म्हणून लिहितेय. झोंबा १९७५ पर्यंत देशाची राजधानी होतं, मागे मोठं पठार, हवा मस्त. जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा, हाताने गोळा करून भाजीत बुडवायची. तुरीची अडचण नाही, इथे भरपूर पिकते आणि भारतातही जाते!

काम सरकारी हेल्थ सेंटरच्या टीमसोबत. इथला खरा कणा म्हणजे एचएसए (हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट), आपल्या आशाताईंसारखे पण पगारी, सायकलवरून गावोगाव फिरतात. लहान मुलांच्या क्लिनिकला झाडाला काटा टांगायचा, बाळाला चड्डीसारख्या झोळीत घालून लटकवायचं, ते बोंबलतं, बाकीच्या आया हसतात, आणि वजन लगेच हेल्थ पासपोर्टमध्ये लिहायचं. ही छोटी वही पेशंट स्वतःजवळ ठेवतो, कुठेही गेला तरी हिस्ट्री सोबत, मला तर ही पद्धत जाम आवडली. (आपल्याकडे पिशवीभर रिपोर्ट आणि त्यातला हवा तोच घरी राहिलेला.)

मोठ्या हॉस्पिटलात अजून सवय होतेय. नातेवाईक बाहेरच चूल मांडून पेशंटचा स्वयंपाक करतात, नर्स कमी असल्याने अंघोळ घालणंही बऱ्याचदा त्यांच्याकडेच. पहिल्यांदा बघून राग आला होता, सिस्टिमचा, आणि तो अजून गेलेला नाही. पण त्या बायकांशी गप्पा मारूनच माझी चिचेवा (इथली भाषा) सुधारतेय, उच्चारांवर मनसोक्त हसतात त्या. नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला की मलेरियाचे पेशंट वाढणार, त्याआधी मला निदान ताप कधीपासून आहे एवढं तरी नीट विचारता यायला हवं.