नवा फोन घेण्याआधी जुन्याची झाडाझडती

‘फोन स्लो झालाय, आता बदलायलाच हवा’ हे वाक्य पटकन तोंडातून निघतं, पण स्लो का झाला हे शोधायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. फोनचे सगळे भाग एकाच वेगाने झिजत नाहीत. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, चार्जिंगचं पोर्ट खिशातल्या धाग्यांनी बुजतं, स्टोरेज काठोकाठ भरतं, आणि प्रोसेसर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघाड एका भागाचा असतो आणि आपण बदलतो अख्खा फोन. म्हणून आधी तक्रार नेमकी कुठल्या भागाची आहे ते ठरवायचं आणि मग खिशात हात घालायचा.

सगळ्यांत जास्त रडगाणं बॅटरीचं, म्हणून तिथूनच सुरू करू.

लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य चार्ज सायकलमध्ये मोजतात. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० टक्के वापरली, उद्या ५० टक्के, की झाली एक सायकल. किती वेळा चार्जर लावला याचा त्याच्याशी संबंध नाही, त्यामुळे दिवसातून तीनदा थोडं थोडं चार्ज केलं म्हणून काही बिघडत नाही. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहतील अशा बनवल्या आहेत, आणि आयफोन १५ पासून हा आकडा १००० आहे. ८० टक्क्यांच्या खाली गेलेली बॅटरी बदलायची, हा सर्वसाधारण नियम.

आयफोनमध्ये हा आकडा सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावरच दिसतो. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमधून बॅटरीची तपासणी करता येते. इतर अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीगणिक वेगळी सोय आहे, काहींत ती नाहीच. तिथे ‘ॲक्युबॅटरी’सारखं ॲप चार्जिंगच्या वेळी आत जाणारा प्रवाह मोजून अंदाज सांगतं. पण एकदोन चार्जिंगवरून त्याने दाखवलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आठवडाभर, शक्यतो खालपासून वरपर्यंत लांब चार्जिंग होऊ द्या, मग आकडा स्थिरावतो.

२५-३० टक्के दिसत असताना फोन अचानक बंद पडणं ही थकलेल्या बॅटरीची खास खूण. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून वीज वाहताना होणारा अडथळा, वाढलेला असतो. कॅमेरा उघडला की एकदम जास्त प्रवाह लागतो, त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. थंडीत हे जास्त होतं. ‘पूर्ण उतरवा आणि पूर्ण चार्ज करा’ या सल्ल्याने टक्केवारी थोडी खरी दिसू लागेल, पण रोध कमी होणार नाही. फोन असा अचानक बंद पडू नये म्हणून ॲपल जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग मुद्दाम कमी करत होतं. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी ते मान्य केलं आणि २०१८ मध्ये बॅटरीची तब्येत सेटिंग्जमध्ये दिसू लागली. म्हणजे ‘फोन स्लो झाला’ या तक्रारीच्या मुळाशी कधी कधी निव्वळ बॅटरी असते, आणि ती बदलली की फोन पुन्हा धावतो.

बॅटरीला सगळ्यांत जास्त खाते ती उष्णता. रात्रभर चार्जिंगला लावण्याची लोकांना उगाच धास्ती असते. १०० टक्के झाल्यावर फोन प्रवाह स्वतःच थांबवतो. खरं नुकसान होतं ते उशीखाली चार्ज होणाऱ्या, गाडीच्या काचेपाशी उन्हात नकाशा दाखवत चार्ज होणाऱ्या किंवा चार्जर लावून गेम खेळल्या जाणाऱ्या फोनचं. भरलेली बॅटरी आणि वर गरमी, ही जोडी सर्वांत वाईट. चार्जिंगला लावल्यावर फोन हाताला चटका देत असेल तर कव्हर काढा. वायरलेस चार्जिंगमध्ये काही ऊर्जा उष्णता म्हणून वाया जाते, त्यामुळे ते सोयीसाठी ठीक, रोजच्या सवयीसाठी केबल बरी. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, आत दव धरतं. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. दिवस आरामात निघत असेल तर ती चालू ठेवावी. निघत नसेल तर उरलेल्या २० टक्क्यांसाठी जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. बॅटरी वापरण्यासाठीच आहे.

स्क्रीन एका कडेने उचलली गेली, मागचं झाकण फुगलं, किंवा फोन टेबलावर ठेवल्यावर डुगडुगू लागला, तर बॅटरीत वायू धरला आहे. इथे थांबायचं नाही. चार्जिंग बंद, फोन बंद, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न बंद. टोचलेली बॅटरी पेट घेते. तसाच दुरुस्तीला न्या.

आता चार्जिंगची दुसरी तक्रार. ‘आधी तासात व्हायचा, आता तीन तास लागतात.’ याचा दोष आपण बॅटरीला देतो, पण आधी संशय केबलवर घ्यावा. तेच अडॅप्टर आणि दुसरी केबल, मग तीच केबल आणि दुसरं अडॅप्टर, असं करून पाहिलं की पाच मिनिटांत उलगडा होतो. सी-टाइप केबल दिसायला सगळ्या सारख्या. साधी केबल ३ अँपिअर वाहून नेते, त्याहून जास्त प्रवाहासाठी प्लगमध्ये चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. अडॅप्टरचंही तसंच. काही कंपन्यांचं वेगवान चार्जिंग फक्त त्यांच्याच अडॅप्टर-केबलच्या जोडीवर चालतं. सॅमसंगच्या ‘सुपर फास्ट’साठी पीपीएस (फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलण्याची सोय) असलेला पीडी (यूएसबीच्या ‘पॉवर डिलिव्हरी’ पद्धतीचा) चार्जर लागतो. त्याऐवजी दुसरा कितीही जास्त वॅटचा लावला तरी फोन मुकाट्याने कमी वेगावर उतरतो. आणि ८० टक्क्यांनंतर वेग मंदावणं हा बिघाड नव्हे. बॅटरी ठरावीक व्होल्टेजला पोचली की प्रवाह हळूहळू कमी करावाच लागतो. जाहिरातीत ‘अर्ध्या तासात ५० टक्के’ असं का लिहितात आणि १०० टक्क्यांची वेळ बारीक अक्षरात का असते, ते यावरून कळेल.

केबल पूर्ण आत जात नसेल, ‘टक्’ आवाज होत नसेल, किंवा हलवली की चार्जिंग तुटत असेल, तर पोर्टमध्ये धागे आणि धूळ दाबून बसली आहे. प्रत्येक वेळी प्लग खुपसताना ती आणखी घट्ट होते. फोन पूर्ण बंद करा, उजेडात धरा, लाकडी टूथपिक थोडी चपटी करून घ्या आणि कडेच्या भिंतीला लागून हलकेच आतून बाहेर ओढा. सी-टाइपच्या मधोमध पातळ जीभ असते, तिच्या दोन्ही बाजूंना पिना असतात. तिला धक्का लावायचा नाही. टाचणी आणि सुई वापरायची नाही. तोंडाने फुंकायचं नाही, वाफ आत जाते. निघणारा धाग्यांचा गोळा पाहून आश्चर्य वाटतं, आणि पोर्ट बदलायचा खर्च बऱ्याचदा इथेच वाचतो.

पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली तर फोन पोर्ट खाली करून उभा धरा, हलकेच झटका आणि हवेशीर जागी ठेवा. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याने काही साधत नाही, उलट कण आत शिरतात. ॲपलनेही तसं न करण्याचं सांगितलं आहे. फोन पाणी-धुळीत टिकतो असं सांगणाऱ्या आयपी६८ या शिक्क्यावर फार विसंबू नये. ती चाचणी नव्या फोनची, गोड्या आणि स्थिर पाण्यात झालेली असते. समुद्राचं पाणी, साबण, जोराची धार यांची हमी त्यात नाही. आतला चिकट सीलही वर्षांगणिक सैल होतो, आणि दुरुस्तीसाठी फोन एकदा उघडला की मूळ सील गेलाच.

स्टोरेज. इथे फोन खरोखर स्लो होतो. फ्लॅश मेमरीत लिहिणं छोट्या तुकड्यांत होतं, पण पुसणं मोठ्या ठोकळ्यांत. मोकळी जागा भरपूर असली की नवी माहिती सरळ लिहिली जाते. जागा संपत आली की आधी जुनी माहिती इकडून तिकडे हलवायची, ठोकळा रिकामा करायचा, मग लिहायचं. फोटो काढल्यावर फोन अडखळणं, कीबोर्ड उशिरा उघडणं, ॲप अपडेट होताना सगळं गोठणं ही त्याची लक्षणं. १२८ जीबीच्या फोनमध्ये १५ जीबी तरी कायम मोकळी ठेवा.

जागा कुठे जाते? बहुतेकांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपमध्ये. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’, मग स्टोरेज सांभाळण्याचा पर्याय. तिथे ५ एमबीहून मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेला माल असे दोन वेगळे ढीग मिळतात. सुप्रभात आणि सणांच्या व्हिडिओंवर तिथे एकगठ्ठा झाडू फिरवता येतो. त्यानंतर आपोआप डाउनलोड बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

पुसूनही जागा मोकळी होत नाही अशी तक्रार हमखास येते. फोटो आधी कचरापेटीत जातात आणि तिथे बरेच दिवस राहतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस, बाकीचे ३० दिवस. कचरापेटी रिकामी केल्याशिवाय जागा मिळत नाही.

आणि इथेच सगळ्यांत मोठा खड्डा आहे. ‘बॅकअप झालाय ना, मग फोनमधून पुसतो’ म्हणत गूगल फोटोजमध्ये फोटो निवडून डिलीट केले, तर ते क्लाउडमधूनही जातात. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर त्याच ॲपमधला जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय वापरायचा. गूगलची मोफत १५ जीबी जागा फोटो, ड्राइव्ह आणि जीमेल यांच्यात वाटून असते. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. ती भरली की नवे मेल येणं बंद होतं, आणि बँकेचं किंवा नोकरीचं पत्र का आलं नाही याचा शोध भलतीकडेच चालू राहतो.

‘बूस्टर’ आणि ‘क्लीनर’ ॲप काढून टाका. ती स्वतःच पार्श्वभूमीत चालतात, जाहिराती दाखवतात आणि बंद केलेली ॲप पुन्हा उघडताना बॅटरी जास्त खर्च होते. दर पाच मिनिटांनी सगळी ॲप वर सरकवून बंद करण्याची सवयही त्याच जातीची. एखादंच ॲप अडकलं असेल तर तेवढंच बंद करा. नेमकं कुठलं ॲप त्रास देतंय ते कळत नसेल तर अँड्रॉइडमध्ये सेफ मोड आहे: पॉवर बंद करण्याच्या बटणावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये तो विचारला जातो. त्यात तुम्ही टाकलेली ॲप बंद असतात. तिथे फोन सुरळीत चालला तर दोष ॲपचा. अलीकडे टाकलेली एकेक काढत जा.

बाकी छोटे वैताग. कॉल चालू असताना गालाने बटणं दाबली जातात: वरच्या कडेजवळचा सेन्सर स्क्रीन गार्डने किंवा मेकअपच्या थराने झाकला गेलाय. समोरच्याला आवाज ऐकू जात नाही: व्हॉइस रेकॉर्डरवर बोलून पाहा, मग सेल्फी व्हिडिओ काढून पाहा. फोनमध्ये दोन-तीन माइक असतात, एक चालतो आणि एक नाही असं निघालं तर बारीक भोक कव्हरने किंवा धुळीने बुजलंय. चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन स्वतःच नाचायला लागते: चार्जर निकृष्ट आहे, त्यातला विद्युत गोंगाट टचमध्ये मिसळतोय. रेंज कमी असलेल्या जागी बॅटरी झरझर उतरते: फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो, तिथे वाय-फाय कॉलिंग चालू करा. नोटिफिकेशनचा मारा: त्या नोटिफिकेशनवरच बोट दाबून धरा. पार्सल कुठे आहे ते कळवणारा प्रकार चालू ठेवून ऑफरचा प्रकार बंद करता येतो, पूर्ण ॲप मुकं करायची गरज नाही.

एक काम मात्र फोन धडधाकट असतानाच करायचं. डिस्प्ले काळा पडल्यावर फोनमधला डेटा सुखरूप असूनही बाहेर काढता येत नाही, कारण तो तुमच्या पिनशिवाय उघडत नाही आणि पिन टाकायला स्क्रीन लागते. चित्र दिसतंय पण टच मेलाय, एवढंच असेल तर ओटीजी अडॅप्टर (फोनच्या पोर्टला यूएसबी वस्तू जोडणारा छोटा जोड) आणि साधा माउस जोडून बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये काम भागतं. म्हणून बॅकअप चालू आहे का ते आज पाहा, दुहेरी सुरक्षेचे (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणाऱ्या खात्यांचे) राखीव कोड कागदावर लिहून ठेवा, आणि *#०६# डायल करून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांकही त्याच कागदावर.

आशेला जागा आहे ती नियमांमुळे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० सायकलनंतरही किमान ८० टक्के क्षमता टिकवणारी हवी, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावर ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळायला हवेत. तिथे विकला जाणारा फोन आणि इतरत्र विकला जाणारा फोन पुष्कळदा एकच असतो, त्यामुळे फायदा तिथल्यापुरता राहू नये. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून ७ वर्षं अपडेट देण्याचं कबूल केलंय. फक्त ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. सवलतीत मिळणाऱ्या दोन वर्षं जुन्या मॉडेलची दोन वर्षं आधीच संपलेली असतात. स्वस्त फोनना तर अनेकदा दोन-तीन वर्षांच्या पुढे काही मिळतच नाही, आणि माझ्या मते कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलच्या आधी हाच आकडा विचारायला हवा.

सुरक्षा अपडेट थांबले असतील आणि त्याच फोनवर बँकेचे व्यवहार होत असतील, किंवा मदरबोर्डच गेला असेल, तर बदला. जुना फोन देताना आधी खात्यातून साइन आउट करा आणि मगच सेटिंग्जमधून फॅक्टरी रीसेट. खातं तसंच ठेवून बटणांच्या आधारे रीसेट केला तर पुढचा माणूस तुमचा पासवर्ड विचारत तुम्हालाच फोन करणार.