तुम्ही विचारलंत म्हणून: दोघं मिळून पूल बांधतायत, मग उशीर का?

बुधवारी गंगेवर, म्हणजे आमच्या नाशकात गोदावरीच्या काठी, बाजाराला गेले की कोणीतरी गाठतंच. मागच्या वेळी आमच्या जुन्या वाड्यातल्या मावशी होत्या, मेथीची जुडी हातात धरूनच म्हणाल्या, "अगं, ते हायवेवाले नि पालिका दोघं मिळून करणारेत म्हणे पूल, मग तर पटकन व्हायला पाहिजे ना, दोघं लागले की?" हाच प्रश्न मला नातेवाईक, रिक्षावाले, मुलाच्या शाळेतले पालक सगळे विचारतात, कारण सगळ्यांना वाटतं ही पुलांचं काम करते. तर आधी सांगते, मी इंजिनिअर नाहीये. मी एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढते आणि सगळी खाती एकत्र बसली की त्या मीटिंगचे मिनिट्स लिहिते, गेली अकरा वर्षं. म्हणजे पूल कसा उभा राहतो ते मला थोडंफार कळतं, पण तो कुठे अडकतो ते मात्र मी तारखेनिशी सांगू शकते.

मावशींना मी म्हटलं, पूल हायवेचा. पुलाखालची नदी जलसंपदा खात्याची. पुलाच्या कडेला लटकलेली पाण्याची लाइन पालिकेची, वरचे दिवेही बहुतेक पालिकेचेच, केबल महावितरणची आणि आणखी दोन-तीन फोन कंपन्यांची, ट्रॅफिक कधी नि कुठून वळवायची ते पोलीस ठरवणार, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना जिथं टपऱ्या आहेत ती जागा नेमकी कोणाची हे तर विचारूच नका. मावशी म्हणाल्या, म्हणजे सात सुगरणी भाजी अळणी. मला ती म्हण इथं बसते असं नाही वाटत. भाजी अळणी व्हायला आधी चूल तर पेटायला हवी, इथं सिलिंडरचं कार्ड कोणाच्या नावावर ह्यावरच सहा महिने जातात.

उदाहरण सांगते. हायवेवाल्यांना पूल पाडून नवा बांधायचाय, पण पुलाला पाण्याची लाइन बांधलेली, अर्ध्या पंचवटीला नाहीतर अर्ध्या सिडकोला पाणी त्यातून जातंय समजा. ती आधी हलवायची. हलवण्याचं एस्टिमेट लाइन ज्याची तो करणार, पैसे पूल ज्याचा तो भरणार, वर सुपरव्हिजन चार्जेस, ह्याला डिपॉझिट वर्क म्हणतात. मग पालिका म्हणते की हलवतोच आहोत तर मोठ्या व्यासाची टाकू, शहर वाढलंय. हायवेवाले म्हणतात, जेवढी होती तेवढ्याचेच पैसे देऊ, वरचा फरक तुमचा. दोघांचंही बरोबर असतं!! तसंच रुंदीचं, विकास आराखड्यात तो रस्ता रुंद दाखवलेला असतो, पालिकेला फूटपाथ हवा असतो, हायवेच्या मंजुरीत तो नसतो, मग जादा मीटरांचा खर्च पालिकेने उचलायचा, त्याला महासभेचा ठराव लागतो, ठराव होईपर्यंत पावसाळा येतो, आणि नदीपात्रात काम करायला मिळतं ते ढोबळमानाने पाऊस थांबल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत. एक ठराव दोन महिने लांबला की वर्ष गेलं असं धरायचं.

नदीचं तर वेगळंच. आपण नाशिककर पूर मोजतो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, कमरेपर्यंत आला, छातीला लागला. ड्रॉइंगमध्ये मारुती चालत नाही, तिथं पूररेषा लागते. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. गर्डरचा, म्हणजे ज्यावर पुलाचा रस्ता टेकतो त्या तुळईचा, तळ सगळ्यात मोठ्या पुराच्या पाण्यापेक्षा वर ठेवावा लागतो, म्हणजे नवा पूल जुन्यापेक्षा बहुतेक वेळा उंच होतो. पूल उंच झाला की त्याला जोडणारा रस्ता उंच होणार, आणि तो रस्ता उंच झाला की कडेच्या दुकानांच्या पायऱ्या खाली जाणार, गल्लीतलं पावसाचं पाणी तुंबणार. पूल एका खात्याचा, जोडरस्ता दुसऱ्याचा. इथंच खरी गोम आहे, पूल बांधणं त्यामानाने सोपं.

मुंबईत अंधेरीच्या गोखले पुलाचं हेच झालं, २०२४च्या फेब्रुवारीत एक बाजू उघडली तेव्हा लोकांनी बघितलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळतच नाही, पाच-सहा फुटांचा फरक. रुळांवरच्या भागाची उंची नव्या नियमाने वाढली होती आणि बर्फीवाला जुन्या लेव्हललाच होता. शेवटी जॅक लावून तो उचलला तेव्हा कुठे जुलैत जोडला गेला. त्यावर सगळ्यांनी मीम केले, मला हसू आलं नाही, कारण आमच्या एका कामात हे होता होता राहिलं होतं.

कुठलं काम ते सांगत नाही. नाल्यावरचा पूल होता, पूल एका खात्याकडे, जोडरस्ता नि गटार दुसऱ्याकडे, दोघांचे सर्व्हे वेगवेगळ्या एजन्सीचे. एकाने लेव्हल, म्हणजे जागेची उंची, समुद्रसपाटीपासूनची घेतलेली, दुसऱ्याने जवळच्या देवळाच्या ओट्याला १०० मीटर मानून. हे चालतं, नंतर एकातून दुसऱ्यात बदलून घेतात, तसं घेतलंही, माझ्याच ड्रॉइंगवर दोन्ही रेघा छान जुळल्या होत्या. जॉइंट इन्स्पेक्शनला, म्हणजे सगळ्या खात्यांनी मिळून जागा बघायला, पाच खात्यांना पत्रं गेलेली, आले तीन. आणि एक चावीवाले काका, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारे, रिटायर व्हायला आलेले, त्यांना बोलावलं होतं कारण जमिनीखाली लाइन कुठे वळते ते दाखवणारा नकाशा कोणाकडेच नव्हता. त्यांनी पायाने माती सरकवून तीन जागा दाखवल्या, तिथं खोदल्यावर दोन ठिकाणी लाइन सापडली. मग चहा आला. काका त्या ओट्यावर टेकले आणि सहज म्हणाले, "पूर्वी इथं बसून डबा खायचो तर पाय जमिनीला टेकायचे, आता लटकतात."

आमचे सर्व्हेअर दादा चहा तसाच ठेवून उठले. दोन वर्षांपूर्वी मंडळाने ओट्याला एक थर चढवून वर फरशी बसवली होती, जोडरस्तावाल्या खात्याच्या सर्व्हेत जुन्या रस्त्याच्या लेव्हल त्याआधीच्या, गटाराच्या त्यानंतरच्या, आणि त्या दोन्ही कागदांवर ओटा १००.०००. फरक निघाला २२ सेंटीमीटर, वीतभर. पुलावरून उतरताना वीतभर पायरी, रात्रीची, टू-व्हीलरवर विचार करा. चूक कोणाची हे ठरवायला पुढच्या दोन मीटिंगा गेल्या आणि मी मिनिट्समध्ये लिहिलं "सदर बाब संबंधितांनी तपासून घ्यावी", म्हणजे कोणाचीच नाही. चावीवाल्या काकांचं नाव हजेरीत घालायचं होतं तर म्हणे ते निमंत्रित नव्हते. ते मला अजून टोचतं.

मग लोक सावित्री नदीवरच्या पुलाचा दाखला देतात. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला, एसटीच्या दोन बस गेल्या, आणि पुढच्या जूनमध्ये नवा पूल तयार, १६५ दिवसांत बांधला म्हणून कौतुक झालं. झालं ते चांगलंच. पण तिथं जुना पूल आधीच गेलेला, म्हणजे पाडा की नको हा वाद नाही, वाहतुकीला शेजारी दुसरा पूल होता, आणि सगळ्या राज्याचं लक्ष होतं. अशी निकड माणसं गेल्यावर येते, ती आधी कशी आणायची ते मला कोणी सांगावं.

आता इथं सिंहस्थ आहे, २०२७ला मोठी स्नानं, त्यामुळे नाशकात सगळ्या फायलींना पाय फुटलेत. मला त्याचा आनंद आहे नि धाकधूकही, कारण घाईत सह्या होतात पण ओटा कोणी बघत नाही. माझं ऐकाल तर दोन खात्यांनी करार करताना पैशाच्या टक्केवारीआधी एका दगडावर सही करावी, हा आपला बेंचमार्क, म्हणजे सगळ्या उंच्या मोजायची खूण, ह्यावर कोणी फरशी घालायची नाही, आणि पूल पाडायची तारीख जाहीर करण्याआधी पाण्याची लाइन हलवून तिच्यातून पाणी सोडून दाखवावं. एवढं झालं तरी निम्मा वेळ वाचेल असं माझं आपलं मत. मावशींना हे सगळं सांगेपर्यंत मेथी सुकली, त्या म्हणाल्या, "म्हणजे होणार कधी ते सांग."

येत्या गुरुवारी दुसऱ्या एका पुलाचं जॉइंट इन्स्पेक्शन आहे, सकाळी साडेआठला. पाच खात्यांना पत्रं गेलीत. काका आता रिटायर झालेत, पण मी त्यांना फोन केलाय, येतो म्हणालेत, फक्त रिक्षाचे पैसे कोण देणार असं विचारत होते. मी देणार आहे.