तुम्ही विचारलंत म्हणून: पातळ पेटीची गिटार घ्यावी का?

नागपूरच्या धरमपेठेत गिटार शिकवताना आणि सुगम संगीताच्या कार्यक्रमांत साथ करताना मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: "सर, ती पातळ पेटीची गिटार घेऊ का? तिला आवाज कमी असतो म्हणतात." विचारणाऱ्याचे सीताबर्डीच्या दुकानात वाद्य बघून झालेले असते, घरून होकारही मिळालेला असतो, आणि त्याला माझ्याकडून फक्त 'हो' किंवा 'नाही' हवे असते. तेवढ्या एका शब्दात प्रामाणिक उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी नावाचा घोळ दूर करतो. आपल्याकडे दुकानांत जिला सर्रास 'सेमी-अकॉस्टिक' म्हणतात, ती बहुतेक वेळा इलेक्ट्रो-अकॉस्टिक असते, म्हणजे आत पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) आणि प्रीअँप (तो संकेत वाढवणारा भाग) बसवलेली साधी लाकडी गिटार. त्यांतल्या काहींची पेटी मुद्दाम कमी खोल ठेवलेली असते. यामाहाच्या एफजी ८०० या नेहमीच्या गिटारची पेटी १०० ते ११८ मिलिमीटर खोल आहे, तर त्याच कंपनीच्या एपीएक्स ६०० ची ८० ते ९०. एपीएक्स ही मालिका यामाहाने १९८७ साली आणली तीच मंचावर वाजवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. फरक सुमारे दीड बोटाचा आहे, पण तो खांद्यालाही कळतो आणि कानालाही.

कानाला का कळतो, हे समजून घेण्यासाठी नळाखाली कळशी भरताना ऐकावे. पाणी वर येते आणि आतली पोकळी लहान होत जाते, तसा आवाजही चढत जातो. गिटारच्या पेटीतल्या हवेचेही असेच आहे. ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या, रुंद पेटीच्या गिटारमधली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर ८२ हर्ट्झचा, तिच्या शेजारच्या तारेचा ११० हर्ट्झचा असतो, त्यामुळे खालच्या स्वरांना पेटीचा भक्कम आधार मिळतो. बाकी सारे तसेच ठेवून पेटीतली हवा पाव हिश्श्याने कमी केली, तर हे घुमणे सुमारे पंधरा टक्क्यांनी वर सरकते. मग जाड तारेखालचा आधार निघून जातो आणि वायर न जोडता वाजवलेली पातळ गिटार थोडी कोरडी, मधल्या स्वरांकडे झुकलेली वाटते. हा बनावटीतला दोष नव्हे, मापाचा परिणाम आहे, आणि तारा बदलून तो पूर्णपणे जात नाही.

एका कोजागिरीला आम्ही पंधरावीस जण गच्चीवर जमलो होतो, दूध आटत होते आणि माझ्या हातात पातळ गिटार होती. लहानसा अँप जोडलेला असेपर्यंत तिचा आवाज गाण्यासोबत छान मिसळत होता. मध्येच वीज गेली. सगळे गात राहिले, मीही वाजवत राहिलो, परंतु समोर बसलेल्यांना फक्त नखीचा खरखराट ऐकू जात होता, पट्टीचा अंदाज येईना आणि दोन कडव्यांत गाणे भलत्याच सुरात गेले. घरात, गच्चीवर, सहलीत, जिथे वायर नसते तिथे वाजवणे हेच तुमचे मुख्य काम असेल, तर पातळ पेटी घेऊ नका, असे मी तेव्हापासून ठामपणे सांगतो.

याच्या अगदी उलट अनुभव काटोल रोडवरच्या एका लॉनवर आला. स्वागत समारंभ होता, पायाशी मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर होता आणि हातात माझी मोठ्या पेटीची गिटार होती. जाड तारेवर, दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीला (फ्रेटला) बोट ठेवले की तो ९८ हर्ट्झचा स्वर थेट पेटीच्या घुमण्यावर जाऊन बसे. स्पीकरमधून आलेला आवाज पेटीचा वरचा तक्ता हलवी, तोच आवाज पिकअपमधून पुन्हा स्पीकरमध्ये जाई, आणि तार सोडल्यावरही 'घूं' असा आवाज वाढतच राही. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याने माझे खालचे स्वर इतके कापले की मोठी पेटी असून नसल्यासारखी झाली. स्वररंध्रावर बसवायचे रबरी झाकण त्या दिवशी सोबत असते, तर बरेच निभावले असते. पातळ पेटीत हा त्रास उद्भवतच नाही असे नाही, मात्र आवाज बराच वाढवेपर्यंत ती शांत राहते, आणि मंचावर तेवढी सवलत फार मोलाची असते.

सुगम संगीताच्या साथीत मला तिचा आणखी एक गुण जाणवला आहे. तबल्याचा डग्गा आणि हार्मोनियमचे खालचे सप्तक जिथे वावरतात, तिथेच मोठ्या गिटारची घुमारीही येऊन गर्दी करते, आणि मग डग्ग्याची मींड नीट ऐकू येत नाही. पातळ गिटार ती जागा आपणहून मोकळी सोडते. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या ठिकाणी साथीला बसायचे असेल, तर मी आजही तीच उचलतो.

अर्थात, तिथे ऐकू येतो तो पेटीचा आवाज थोडाच असतो. घोडीवरच्या, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली बसवलेला पिएझो पिकअप मुख्यतः तारांचा दाब टिपतो, आणि जोरात छेडल्यावर त्यातून एक कडक, काचेसारखा आवाज निघतो. इक्वलायझरमधून तो थोडा मऊ करता येतो, झाकता मात्र येत नाही. शिवाय वायर जोडलेली राहिली की प्रीअँपची बॅटरी उतरत राहते, तेव्हा वाजवून झाल्यावर वायर काढण्याची सवय लावून घ्यावी.

आता खांद्याविषयी. माझ्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई शिकायला आल्या. खांदा आखडल्याचा त्रास नुकता कुठे कमी होत होता. मोठ्या गिटारवरून उजवा हात पलीकडे नेताना त्यांचे कोपर वर उचलले जाई, खांदा कानाकडे सरके आणि दहा मिनिटांत त्या हात झटकू लागत. मी माझी पातळ गिटार त्यांच्या मांडीवर दिली. कोपर खाली आले, मनगट सैल पडले, आणि त्या दिवशी त्यांनी न थांबता पाऊण तास वाजवले. एपीएक्सच्या तारांची लांबी ६३४ मिलिमीटर आहे, एफजीची ६५०. त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या, तर ताण सुमारे पाच टक्क्यांनी कमी भरतो. त्यांच्या बोटांनाही तो फरक जाणवला. मी त्यांना आवाजाची उणीव स्पष्ट सांगितली आणि तरीही हीच घ्या म्हटले.

पेटीची खोली कमी करण्याचा दुसरा मार्ग चार्ल्स कामन यांनी दाखवला. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या या अमेरिकी उद्योजकाने १९६६ साली ओव्हेशन गिटार सुरू केली. तिची पाठ लाकडाऐवजी कृत्रिम साहित्याची आणि वाडग्यासारखी गोल असते, आणि पुढे तिच्या उथळ आवृत्त्याही आल्या. मंचावर पट्टा लावून ती उत्तम, मात्र बसून वाजवताना मांडीवरून घसरते.

नागपूरच्या उन्हाळ्यात पातळ आणि जाड दोन्ही गिटार सारख्याच जपाव्या लागतात. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत अख्ख्या लाकडाचा तक्ता आक्रसतो आणि तडकतो, म्हणून काही जण ती कूलरसमोर ठेवतात. ओल्या झोताने लाकूड फुगते, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा सुकते, आणि हेच तडा जायला पुरेसे असते. ती तिच्या केसमध्येच बंद ठेवा.

दुकानात गेलात की आधी अँप बंद ठेवून, भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटे वाजवा, म्हणजे परतलेला आवाज तुमच्यापर्यंत पोहोचेल. मग वायर जोडा आणि सहाही तारा एकेक करून छेडा. एखादी दबलेली वाटली, तर घोडीवरची पट्टी पिकअपवर नीट बसलेली नाही, हे दुकानदाराला तिथेच दुरुस्त करायला सांगा. त्या बाईंनी असेच करून गिटार निवडली. आता त्या रोज सकाळी लहानसा अँप अगदी हळू आवाजात लावून वाजवतात.