तुम्ही विचारलंत म्हणून: जे कोट्यवधींनी पाहिले, ते कोट्यवधींना आवडले का?

माहितीपटांच्या संकलनाचे काम मी गेली सव्वीस वर्षे करीत आहे आणि अधूनमधून तो विषय शिकवतेही. व्याख्यान संपले, की श्रोत्यांपैकी कोणीतरी, बहुधा मनापासून व्यथित झालेले, जवळ येऊन एकच प्रश्न विचारते: "पंधरा-वीस सेकंदांच्या कसल्याही व्हिडिओला कोट्यवधी प्रेक्षक मिळतात, मग लोकांची अभिरुची रसातळाला गेली आहे, असेच म्हणायचे ना?" निघण्याच्या घाईत दिलेले माझे उत्तर दर वेळी अपुरे राहते आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरची खंत तशीच राहते. ती खंत मला खोटी वाटत नाही, म्हणूनच हे सविस्तर लिहावेसे वाटले.

व्हायरल झालेल्या व्हिडिओच्या आकड्यावरून माणसाचा अंगठा कशावर थबकतो आणि त्याला दुसऱ्याला काय दाखवावेसे वाटते, हे कळते. त्याला काय आवडते, हे मात्र त्यावरून फार थोडे कळते, असे माझे मत आहे. या तीन गोष्टी आपण एकच समजतो आणि मग समाजाबद्दलचा निकाल देऊन मोकळे होतो.

अभिरुची खालावली असे म्हणताना ती पूर्वी उंचावर होती, हे आपण गृहीत धरतो. चलच्चित्राच्या जन्माकडे पाहिले, तर ते गृहीत टिकत नाही. एडिसन यांच्या न्यू जर्सीमधील स्टुडिओत १८९४ च्या जानेवारीत चित्रित झालेल्या एका फितीत एक माणूस तपकीर ओढतो आणि शिंकतो. तिची लांबी जेमतेम पाच सेकंदांची आहे. त्याच वर्षी त्याच ठिकाणी हातमोजे चढवलेल्या दोन मांजरांचे मुष्टियुद्ध चित्रित करण्यात आले. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी पैसे घेऊन दाखवलेल्या १० लघुपटांपैकी एकात आईवडील आपल्या बाळाला भरवत आहेत, तर दुसऱ्यात बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याच्या नळीवर एक पोरगा पाय देतो आणि माळी नळीचे तोंड निरखू लागताच पाय काढून घेतो. शिंक, मांजर, बाळ आणि फजिती या चार गोष्टींनी आजचेही पडदे भरलेले आहेत. पुढे या माध्यमाने मोठी उंची गाठली हे खरे. पण त्याच्या पायाशी ही चार माणसाळलेली नवले होती आणि ती कधीच कुठे गेली नाहीत.

२००६ मध्ये पांडाच्या पिल्लाच्या शिंकेचा सोळा सेकंदांचा एक व्हिडिओ जगभर पसरला. आई शांतपणे बांबू खात बसली आहे, पिल्लू जमिनीवर निजले आहे; अचानक पिल्लू शिंकते, आई दचकून उडते आणि क्षणभराने पुन्हा खाऊ लागते. हा व्हिडिओ मी विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवते, कारण त्यात शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. कॅमेरा हलत नाही. सुरुवातीचे काही सेकंद काहीही घडत नाही आणि त्या शांततेमुळेच पुढच्या धक्क्याला अर्थ येतो. शिंकणारे पिल्लू हा विनोदाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा दचकणाऱ्या आईच्या देहात आहे. एखाद्या कसलेल्या संकलकाने याहून एक चौकटही कमी किंवा जास्त ठेवली नसती. ज्यांनी तो पाहिला आणि पुढे पाठवला, त्यांनी काही हे विश्लेषण केले नव्हते; तरीही शिंकणाऱ्या प्राण्यांच्या इतर असंख्य व्हिडिओंमधून नेमका हाच उचलला जाण्यामागे लयीची एक जाण आहे आणि तिला हीन म्हणणे मला जमत नाही.

आता आकड्यांकडे येते. १५ जुलै २०१२ रोजी प्रसिद्ध झालेले 'गंगनम स्टाइल' हे कोरियन गाणे त्याच वर्षी २१ डिसेंबरला यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहिले गेलेले पहिले गाणे ठरले. २०१४ च्या डिसेंबरात ते २,१४,७४,८३,६४७ या संख्येपलीकडे गेले आणि त्याहून मोठी संख्या मोजण्याची सोय नसलेला यूट्यूबचा गणक बदलावा लागला. पुढे लहान मुलांसाठीचे 'बेबी शार्क' नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वाधिक पाहिलेला व्हिडिओ झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याने १,००० कोटींचा टप्पा ओलांडला. त्या वेळी पृथ्वीवरील सर्व माणसांची संख्या साधारण ७९० कोटी होती. म्हणजे हा आकडा माणसांचा असूच शकत नाही, तो वेळांचा आहे. लहान मूल ओळखीची गोष्ट पुन्हा पुन्हा मागते, कारण पुढे काय येणार हे आधी ठाऊक असण्यातच त्याचा आनंद असतो, आणि दमलेले आईबाप हातातला फोन त्याच्या हाती देतात. या १,००० कोटींत लहानग्यांची पुनरावृत्तीची ओढ आहे, घरोघरच्या मोठ्यांचा थकवा आहे आणि एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेचा वाटाही आहे. जगाची संगीताची आवड त्यातून वाचू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही.

त्यातही मोजणारा नियम बदलला, की आवड बदलल्याचा भास होतो. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला अधिक महत्त्व द्यायला सुरुवात केली. तोपर्यंत भडक, फसवे मुखचित्र लावून प्रेक्षकाला आत ओढणाऱ्यांची चलती होती. नंतर प्रेक्षकाला धरून ठेवण्याची, उत्तर शेवटपर्यंत लांबवण्याची कला फोफावली. प्रेक्षक मात्र तेच होते. त्यांच्यापुढे काय वाढले जाणार हे ठरवणारा हात वेगळ्या मापाने मोजू लागला, एवढेच.

लोकप्रियता आणि आवड यांचे नाते किती सैल आहे, हे पाहण्यासाठी मला २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग फार मोलाचा वाटतो. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी १४,००० हून अधिक लोकांना अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकण्यासाठी आणि हवी तर उतरवून घेण्यासाठी दिली. काही जणांना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ स्वतंत्र गटांत विभागून प्रत्येक गटाला त्याच गटातील आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा घेतले, हेही दाखवले गेले. आकडे दिसू लागताच यशस्वी गाणी अधिक यशस्वी झाली, मागे पडलेली आणखी मागे पडली आणि एका गटात वर पोहोचलेले गाणे दुसऱ्या गटात खाली राहू लागले. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी सुमार गाणी सहसा शिखरावर पोहोचली नाहीत. मधल्या गाण्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते. लोकांना आवडच नसते, असा याचा अर्थ नाही. आवड दोन्ही टोकांवर पहारा देते आणि मधला विस्तीर्ण प्रदेश योगायोगाच्या आणि इतरांच्या पावलांच्या हवाली असतो. आज समोर आलेला व्हायरल व्हिडिओ बहुतेक वेळा याच मधल्या प्रदेशातला असतो. तो आला नसता, तर त्याच्यासारखाच दुसरा आला असता.

दुसऱ्याला पाठवण्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील सुमारे ७,००० लेखांचा अभ्यास करून २०१२ मध्ये असे मांडले, की अचंबा, संताप किंवा चिंता जागवणारे लेखन अधिक पाठवले जाते आणि खिन्न करणारे कमी. तो अभ्यास लेखांचा असला तरी मला त्यात व्हिडिओचेही वर्म दिसते. चेतवणारी भावना माणसाला दुसऱ्याकडे नेते, तर खिन्नता त्याला आत वळवते. म्हणून पसरलेल्या गोष्टींच्या यादीत आपल्या मनाचा एक मोठा भाग कधी येतच नाही. मी एकदा महिनाभर स्वतःच्याच फोनची नोंद ठेवली. त्या काळात मी इतरांना तीसेक व्हिडिओ पाठवले आणि त्यांपैकी एकही पुन्हा उघडून पाहिला नाही. उलट, लाकडाच्या दोन फळ्यांचा सांधा खिळा न वापरता हाताने जुळवणाऱ्या एका वृद्ध सुताराचा वीस मिनिटांचा व्हिडिओ मी सात वेळा पाहिला आणि कोणालाही पाठवला नाही. तो पाठवण्याजोगा आहे, असे माझ्या मनातही आले नाही. माझी अभिरुची कोणी माझ्या पाठवलेल्या व्हिडिओंवरून ठरवली असती, तर तो सुतार त्यात सापडला नसता. आणि जे माझ्या बाबतीत खरे आहे, ते ज्यांच्याविषयी तुम्ही खंत करता, त्यांच्या बाबतीतही खरे असेल, असे मी मानते.

हे सारे लिहिताना मला एका गोष्टीकडे पाठ फिरवायची नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ काही वर्षांपूर्वी पसरला. एका निरोप समारंभात बोलताना एक शब्द त्यांच्या तोंडी येईना, तो त्यांनी तीनदा चुकीचा उच्चारला आणि कोणीतरी तेवढाच तुकडा कापून त्याला विनोदी संगीत जोडले. तो माझ्यापर्यंत आला, तेव्हा चेहरा ओळखू येण्याआधीच मला हसू आले होते. नंतर समजले, की आजारपणामुळे त्यांच्या वाणीवर परिणाम झाला होता आणि त्या भाषणाची त्यांनी आठवडाभर तयारी केली होती. मूळ चित्रीकरणात तो शब्द त्यांना चौथ्या प्रयत्नात नीट उच्चारता आला होता आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या होत्या. कात्री तिसऱ्या आणि चौथ्या प्रयत्नाच्या मध्ये चालली होती. कट कुठे करायचा, हे ठरवण्यातच माझे सारे आयुष्य गेले आहे. त्यामुळे हा कट मला अजूनही छळतो. त्यांना हसणारे हजारो लोक आणि त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणारे सभागृहातले लोक यांच्या स्वभावात फरक होता, असे मला वाटत नाही. फरक चार सेकंदांचा होता. लोकांच्या अभिरुचीबद्दल खंत करणाऱ्यांनी हा तुकडा कापणाऱ्याला आणि तो वर चढवणाऱ्या यंत्रणेला आधी जाब विचारावा, असे मला मनापासून वाटते. आणि आपण हसणाऱ्यांनीही चौथा प्रयत्न कुठे आहे, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

मग आवड दिसते कुठे? माझ्या अनुभवाने, लोक एखाद्या व्हिडिओचे पुढे काय करतात, त्यात ती दिसते. पाहायला क्षण पुरतो आणि पाठवायलाही क्षणच पुरतो. स्वतःची आवृत्ती करायला मात्र तास-दोन तास द्यावे लागतात, चुकावे लागते आणि पुन्हा करावे लागते. अनुकरण तेवढ्यानेच श्रेष्ठ ठरत नाही. २०१४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची जी लाट आली, तिच्यात बहुतेकांनी एकसारखेच केले; तरी तिने एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेला ११.५ कोटी डॉलर मिळवून दिले, म्हणून तिचे मोल वेगळ्या कारणाने आहे. मला अधिक काही सांगून गेली ती २०२० च्या अखेरीस आलेली खलाशीगीतांची लाट. स्कॉटलंडमधील एका तरुणाने टिकटॉकवर 'वेलरमन' हे न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरील व्हेलशिकाऱ्यांचे जुने गाणे एकट्याने, मुठीने ठेका धरून म्हटले. दुसऱ्याच्या व्हिडिओशेजारी आपला व्हिडिओ जोडण्याची सोय त्या ॲपमध्ये होती. तिचा उपयोग करून एकाने खर्जातला आवाज जोडला, दुसऱ्याने मधला स्वर भरला, कोणी व्हायोलिन आणले. जगातील कितीतरी लोक तेव्हा महासाथीमुळे घरांत अडकलेले होते आणि एकत्र गाणे हीच गोष्ट धोक्याची ठरली होती.

त्या आवृत्त्या मी एकेक करून ऐकल्या आहेत, कामाच्या सवयीने थांबवून, मागे नेऊन. ज्याने नंतर आवाज जोडला, त्याला आधीच्या सगळ्यांचे ऐकल्यावाचून गत्यंतर नव्हते. काही आवाज पहिल्या ओळीत थोडे पुढे धावतात आणि दुसऱ्या ओळीपर्यंत मूळ गाणाऱ्याच्या मुठीच्या ठेक्यावर येतात. खर्ज लावणारा आपला आवाज मुद्दाम मागे ठेवतो, म्हणजे वरचा स्वर झाकला जाऊ नये. ओळीच्या शेवटी सगळे एकाच जागी श्वास घेतात. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते आणि त्यांच्यातले बहुतेक एकमेकांना ओळखतही नव्हते. पुढच्या वेळी कोणी मला तो प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याआधी मी त्यांना या श्वासाच्या जागा ऐकवणार आहे.